भिंतचतुराचं पोट

टोचणबाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही आणि तिलाही मी आवडलो नाही. संग्रहालयात फरशी पुसणाऱ्या मावशींपासून वरच्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. सव्वीस वर्षं आम्ही कीटक विभागातल्या एकाच लांब टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. तिच्या बाजूला सुया, चिमटे आणि मेलेले किडे; माझ्या बाजूला कुंचले, शाई आणि त्याच किड्यांची चित्रं. तोंडावर मी तिला 'अहो बाई' म्हणायचो, मनात कायम एकेरी. इथेही एकेरीच लिहिणार आहे. खोटा मान द्यायचं हे माझं वय नाही.

किडे टोचते म्हणून टोचणबाई, असं आम्ही नव्या माणसाला सांगायचो. दोन दिवसांत त्याला दुसरं कारण आपोआप कळायचं.

दिसायला बारकी, पण आवाज असा की बंद कपाटाची काच थरथरावी. केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला सुया धरून धरून घट्टा पडलेला. नाकावर माशी बसू द्यायची नाही. आणि बसलीच तर तीही टोचून, लेबल लावून खोक्यात ठेवेल असं आम्ही म्हणायचो. कुणी हसलेलं तिला चालत नसे. शिंकलेलं तर अजिबात नाही, कारण शिंकेने पंख उडतात.

मी रुजू झालो त्या सकाळी तिने माझ्यापुढे दोन वाळलेले चतुर ठेवले आणि म्हणाली, "फरक सांग."

मी नीट पाहिलं. "हा जरा राखाडी आहे, तो तपकिरी."

"मेल्यावर रंग बघतोस?" ती ओरडली. "अरे, डोळे फोडून घे त्यापेक्षा. मेलेल्या चतुराचा रंग उडतो. डोळे काळवंडतात, हिरव्याचं तपकिरी होतं. रंग म्हणजे थाप. आकार बघ, पंखावरची खूण बघ, शिरा मोज. चित्रकार म्हणे!"

मग तिने मला भिंतचतुर शिकवला. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. आमच्या विभागात भिंतचतुर म्हणायचे. हा गवताच्या टोकावर ऐटीत बसत नाही. भिंतीला, कठड्याला, दगडाला पंख पसरून चपटा चिकटतो. अंगावर काळे, राखाडी, पांढरट डाग, त्यामुळे सिमेंटच्या भिंतीवर हातभर अंतरावर असला तरी दिसत नाही. पंख स्वच्छ, आणि प्रत्येक पंखाच्या टोकाशी एक लांबट खूण, मध्ये काळपट आणि दोन्ही टोकांना पांढरी. "हीच त्याची सही," ती म्हणाली. "बाकी सगळं विसरलास तरी ही विसरू नकोस." पोट सरळसोट. नर आणि मादी जवळजवळ सारखेच. अंडी साठलेल्या पाण्यात, सिमेंटच्या टाक्यांत.

मी 'शेपूट' म्हणालो, तर पुन्हा भडकली. "शेपूट माकडाला असतं. हे पोट आहे. जेवलेलं इथे उतरतं."

दुसरा चतुर होता हिरवा शिकारी. दुसऱ्या चतुरांना धरून खाणारा. त्याचं पोट बुडाशी फुगीर, मग एकदम बारीक, आणि शेवटाकडे पुन्हा जाडसर. जिवंतपणी हिरवट, वाळून जुना झाला की मळकट. हे सगळं मी त्या दिवशी मुकाट्याने वहीत उतरवलं आणि मनात तिला दहा शिव्या दिल्या.

तिचं काम मात्र चोख होतं, हे शत्रू म्हणूनही मला मान्य करावं लागेल. ताजा चतुर आला की कागदी पाकिटात एक दिवस ठेवायची, पोट रिकामं व्हावं म्हणून. मग औषधात बुडवून वाळवायची. आणि चतुराचं वाळलेलं पोट कडकन मोडतं, म्हणून छातीतून पोटाच्या टोकापर्यंत आतून गवताची बारीक काडी सरकवायची. ती काडी घालताना ती श्वास रोखून धरायची. त्या एका मिनिटात ती कुणाला काही बोलायची नाही, म्हणून मला ते मिनिट फार आवडायचं.

विभागात एकच कडक नियम होता. नग मोडला तर दुरुस्ती फक्त तिच्या हातून, लाखेने, आणि दुरुस्ती वहीत नोंद करून. तिच्या आधीच्या माणसाने टोचलेले जुने नग बिनकाडीचे होते. ते मोडले की ती काडी घालून जोडायची, तारीख टाकायची, सही करायची. वहीत अशा अकराशेवर नोंदी होत्या. ती वही ती घरच्या दागिन्यांसारखी कुलपात ठेवायची.

आता माझ्या पापाकडे येतो.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा इस्पितळात होता आणि ती रजेवर गेली होती. मला भिंतचतुर आणि हिरवा शिकारी शेजारी-शेजारी काढायचे होते. रजेच्या दुसऱ्या दिवशी भिंतचतुर काढून झाला. चौथ्या दिवशी शिकारी काढायला घेतला, आणि माझी बाही अडकली. दोन्ही नग टोचलेली फळी कलंडली. दोन्ही जुने नग, बिनकाडीचे. दोघांचीही पोटं मोडली. एक टेबलावर राहिलं. दुसरं माझ्याच कोपराखाली आलं आणि त्याचा भुगा झाला.

ती परत आली की खाऊ की गिळू करणार, साहेबांपर्यंत नेणार, सगळ्या विभागासमोर माझी चामडी सोलणार. मी उरलेलं पोट उचललं. मळकट, काळपट-पांढरट. रंग भिंतचतुराचा वाटला. मी रंगाच्या डब्यातला डिंक काढला, चिकटवलं, फुंकर मारली. काडी घातली नाही, वहीत नोंद केली नाही. पोट नसलेला शिकारी कचऱ्यात टाकला. शिकाऱ्यांचा आमच्याकडे तोटा नव्हता. भिंतचतुर चाळीस नगांच्या जुन्या खोक्यात कोपऱ्यात परत टोचून ठेवला.

तिचा नवरा गेला. पंधराव्या दिवशी ती कामावर आली. डोळे सुजलेले, पण केस तसेच घट्ट. मला खरोखर वाटलं, सांगून टाकावं. मी उठलोही. तेवढ्यात तिने माझं भिंतचतुराचं चित्र उचललं, पाहिलं, आणि माझ्या अंगावर फेकलं. "खुणेच्या एकाच टोकाला पांढरं? दोन्ही टोकांना, दोन्ही! मी मेले का म्हणून असलं काढतोस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मर. सांगत नाही जा. चित्र मी रागाने खणात कोंबलं आणि दुसरं काढलं.

त्यानंतर वर्षं गेली. चाळीस नगांचं खोकं कोण उघडतं? तीच, डांबराच्या गोळ्या बदलायला, वर्षातून दोनदा.

मग नवे साहेब आले. हुशार, चपळ आणि घाईचे. जुनी खोकी उपसताना त्यांना कोपऱ्यातला तो नग दिसला. पंखावरची खूण भिंतचतुराची, पण पोट मधे बारीक! साहेबांना वाटलं, नवी जात. त्यांनी ना कुणाला दाखवलं, ना टोचणबाईला विचारलं. ती म्हणे अडवेल. लेख लिहून मोकळे झाले. वर्तमानपत्रात फोटो आला. मी तो फोटो पाहिला. त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

दोन महिन्यांनी बाहेरगावचे तज्ज्ञ आले. त्यांनी नग भिंगाखाली धरला, चिमट्याने हलकं ओढलं, आणि पोट टेबलावर पडलं. खोलीत दहा माणसं होती. तज्ज्ञ नुसते चष्मा पुसत राहिले. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

टोचणबाईला बोलावणं गेलं.

"दुरुस्ती तुमच्याकडेच असते ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग हे काय?"

"हा माझा हात नाही. काडी नाही. वहीत नोंद नाही. जोड मला बघू द्या."

साहेबांनी दोन्ही तुकडे डबीत टाकून डबी कपाटात ठेवली. "आता बघून काय करणार? या नगाचं लेबल तुम्ही नव्याने लिहिलंय, रजेवरून आल्यावर त्याच महिन्यात. तेव्हा घरी काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाचं मन थाऱ्यावर नसतं. कबूल करा आणि संपवा."

"मग मी नाही केलं तर कुणी केलं?" ती म्हणाली. तिची नजर खोलीभर फिरली. माझ्यावर आली तेव्हा मी हातातल्या कुंचल्याचे केस सरळ करत होतो. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात मला बरंही वाटत होतं. सव्वीस वर्षं मिरी वाटलीस ना डोक्यावर, आता भोग, असं वाटत होतं.

शिक्षा झाली ती तिला एकटीला नाही. तिला खाली तिकीट खिडकीवर बसवलं हे तर झालंच. पण साहेबांनी हुकूम काढला की दुरुस्ती वहीतल्या सगळ्या अकराशे नगांच्या लेबलावर तांबडा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे शंका. ठिपक्याचा नग अभ्यासाला द्यायचा नाही, चित्राला घ्यायचा नाही. पुढे जागा लागली की काढून टाकायचा. एकतीस वर्षांतलं तिचं अर्धंअधिक काम एका सहीत कचऱ्याच्या वाटेला लागलं. आणि ठिपके द्यायला ज्याचा हात स्थिर असा एकच माणूस विभागात होता.

मी ठिपके दिले. रोज तीस-चाळीस. बारीक कुंचला, तांबडी शाई. पहिल्या आठवड्यात एकदा ती वर आली, चहाचा कप विसरली होती म्हणून. माझ्या मागे उभी राहिली. "गोल काढ," ती म्हणाली. "शंका घ्यायची तर नीट तरी घे." आणि गेली. मला तिचा इतका राग आला की त्या दिवशी मी साठ ठिपके दिले.

आठ महिने असे गेले. मग एक दिवस फरशीवाल्या मावशी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चित्रकार, बाईंचं काही खरं नाही हो. दुपारी मागच्या टाकीपाशी उभ्या राहतात आणि मला विचारतात, पोट सरळ आहे की मधे बारीक? मला काय कळतंय त्यातलं! रोज विचारतात."

मला हे बघायचंच होतं. दुश्मनाची दैना बघायला कुणाला आवडत नाही? दुपारी मागच्या अंगणात गेलो. तिथे जुनी सिमेंटची पाण्याची टाकी आहे, तिच्या भिंतीवर नेहमी दोन-चार भिंतचतुर चिकटलेले असतात. टोचणबाई भिंतीशी वाकून उभी होती, भिंग डोळ्याला लावून. भिंग धरलेला हात हलत होता. तिचा हात हलताना मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

"कोण? तू? तमाशा बघायला आलास?"

"सहज आलो."

"सहज आलास तर उपयोगी तरी पड. हा समोरचा. खूण सांग."

मी पाहिलं. "मधे काळपट. दोन्ही टोकांना पांढरी."

"पोट?"

"सरळ."

"बसलाय कसा?"

"चपटा. पंख भिंतीला."

"म्हणजे भिंतचतुर."

"हो."

तिने भिंग खाली घेतलं. "मलाही तेच दिसतंय," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "दिसतंय बरोबर. पण तेव्हाही बरोबरच दिसत असेल की. एकोणीस वर्षं मी ते खोकं उघडत होते आणि कोपऱ्यातलं ते पोट मला दिसलं नाही. म्हणजे डोळे असून आंधळीच. मला आठवतच नाही रे, मी कधी जोडलं. त्या महिन्यातलं काहीच आठवत नाही. जोडलं असेन. मीच जोडलं असेन." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि ते एक जोडलं, तर बाकीची कशावरून बरोबर? रोज एकेक नग डोळ्यापुढे येतो. याचं पोट याचंच होतं का? त्याचं त्याचंच का? तू ठिपके देतोयस ते बरोबरच आहे."

मला वाटलं होतं ती मनातून साहेबांना शिव्या देत असेल, मला देत असेल, जगाला देत असेल. ती स्वतःवरच शंका घेत बसली होती. त्या बाईचा मी सव्वीस वर्षं द्वेष केला, कारण ती कधी चुकायची नाही. आणि मी तिच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं होतं.

"ते मी केलं," मी म्हणालो.

"काय?"

"तुम्ही रजेवर होतात. चौथ्या दिवशी. बाही अडकली. मी जोडलं."

टाकीवरचा चतुर उडाला आणि परत त्याच जागी येऊन बसला.

"कशाने जोडलंस?"

"डिंकाने. रंगातल्या."

"काडी?"

"नाही घातली."

"पोट बघून का नाही जोडलंस?"

"रंग बघितला," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. मला वाटलं आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. तिने श्वास सोडला, खूप मोठा, काडी घालून झाल्यावर सोडायची तसा. "म्हणजे मी नाही केलं," ती हळू म्हणाली, आणि तिच्या चष्म्याआडून पाणी आलं. ते माझ्यासमोर आलं याचाही तिला राग आला असणार, कारण लगेच पदराने चेहरा पुसून ती म्हणाली, "कागद आण. लिहून दे. नगाचा नंबर, तारीख, काय मोडलं, कशाने जोडलं. आणि रडगाणं गाऊ नकोस त्यात. दुरुस्ती वहीत लिहितात तसं लिही."

मी लिहिलं. तिने भिंगाने दोनदा वाचलं, एक काना दुरुस्त केला आणि माझी सही घेतली. मी खणातलं जुनं चित्रही काढून दिलं; त्यावर नगाचा नंबर होता, तिच्या रजेतली तारीख होती आणि सरळ पोट होतं. आठ महिने तो पुरावा माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होता.

साहेबांनी कागद वाचला, मला उभं-आडवं झापलं, वर्षाची पगारवाढ कापली. ते योग्यच होतं. टोचणबाईला परत वर बोलावलं. ठिपके मात्र पुसता येईनात. शाई पक्की होती, माझ्याच हातची. तेव्हा तिने एकेक नग खाली घेतला, भिंगाखाली तपासला आणि ठिपक्याशेजारी स्वतःची बारीक सही केली. अकराशेवर नग. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यातले अकरा यात गेले. एकही पोट चुकीचं निघालं नाही.

या चौदा महिन्यांत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

आधी मला वाटलं, राग आहे, उतरेल. एरवी दिवसाला वीसदा 'काय रे चित्रकारा' व्हायचं. शाई सांडली तरी आवाज नाही, खुर्ची सरकवली तरी आवाज नाही. मी मुद्दाम शिंकलो. तिने खोक्याचं झाकण लावलं, बस. शेवटच्या आठवड्यात माझ्याने राहवेना. मी भिंतचतुराचं नवं चित्र काढलं, मन लावून, एकेक शीर मोजून, आणि पंखावरची खूण मुद्दाम सबंध काळी केली. एकाही टोकाला पांढरं ठेवलं नाही. ते चित्र मी तिच्या बाजूला सरकवलं आणि वाट बघत बसलो. म्हटलं, ओरड. फेक माझ्या अंगावर. डोळे फोडून घे म्हण.

तिने चित्र उचललं. खुणेवर तिची नजर थांबली. तिला न दिसणं शक्यच नव्हतं. ओठ किंचित हललेही. मग तिने ते चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं, पुढचा नग चिमट्यात धरला आणि श्वास रोखून त्यात काडी घालू लागली.